खळ्यावरची जागा

भाऊ,

आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि मला ते पुढे चालवायचंय, म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही गेलात त्याला अजून महिनाही झालेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं असं लोक म्हणतात. बोलेन. पण आधी हे सांगते की तुम्ही चुकत होता. तेव्हाही तोंडावर सांगत होते, आताही सांगते. आता फक्त तुम्हाला फोन कानापासून लांब धरून 'म्याडम, रेंज नाय, आवाज येत नाय' असं म्हणता येणार नाही.

आपली ओळखच मुळी भांडणातली. महापालिकेच्या विभाग कार्यालयात मी टेबलाच्या अलीकडे, तुम्ही पलीकडे आणि तुमच्या मागे अर्धं गाव. पाण्याची लाइन असो, गटार असो, मैदानाचं कुंपण असो, तुम्ही कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून यायचात आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचात, "म्याडम, यो नियम कोनी लिवला?" एके काळी तुम्ही नगरसेवक होता आणि 'माजी' हा शब्द तुम्हाला अजिबात खपत नसे. मी साताऱ्याकडची, सीवूड्सच्या सोसायटीत राहणारी. तुमच्या लेखी मी उपरी, माझ्या लेखी तुम्ही डोक्याला ताप. दोघांनीही ते कधी लपवलं नाही.

म्हणूनच बेलापूरच्या त्या वर्गाचं दार उघडल्यावर खिडकीकडच्या बाकावर तुम्ही बसलेले दिसलात तेव्हा वाटलं, हा माणूस इथेही मोर्चा घेऊन आला की काय. नोकरी करणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारी चालणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम. विषय पब्लिक मॅनेजमेंट, म्हणजे सरकारी कामं नीट कशी चालवावीत याचं शिक्षण. वर्गात सगळे तिशी-पस्तिशीचे. शिकवणारे सर तुमच्या लेकीपेक्षा, प्रणालीपेक्षा, थोडेच मोठे. तुम्ही मला पाहून हसलात आणि पाय लांब करून बसलात. गुडघा दुखायचा म्हणून तुम्ही तो कडेचा बाक धरला होता, तो शेवटपर्यंत सोडला नाहीत. मी विचारलं, "तुम्ही इथे काय करताय?"

"तुमच्यासारखी मानसं कागद वाचून आमाला आडवतात. म्हटलं, आपन पन वाचू."

मी प्रमोशनसाठी आले होते. ते काही मी तुम्हाला सांगितलं नाही.

पहिल्याच दिवशी हजेरी झाली. सगळे 'येस सर', 'प्रेझेंट' करत होते. तुमचं नाव आलं आणि तुम्ही खणखणीत आवाजात म्हणालात, "हाय." सगळा वर्ग हसला. सरही हसले. तुम्ही मात्र अगदी गंभीर. मधल्या सुट्टीत मला म्हणालात, "गावकीन घराचा नाव घेतला का असाच बोलतात. येस सर बोललो तर माजं मनाच वाटंल का मी दुसऱ्याच्या घरान बसलोय." मी तेव्हा हसून सोडून दिलं. गावकी म्हणजे तुमच्या गावची बैठक एवढंच मला ठाऊक होतं. देवळाच्या मंडपात भरते आणि तिथे ठरलेलं गावात कोणी मोडत नाही.

डब्याचं तर विचारूच नका. तांदळाची भाकरी आणि कांद्यावरचा जवळा, ती बारीक सुकी कोलंबी. पहिल्या शनिवारी डबा उघडलात तेव्हा पुढच्या बाकावरच्या दोघींनी खिडक्या उघडल्या. दुसऱ्या सहामाहीत त्याच दोघी तुमच्या डब्याची वाट बघत बसायच्या. त्यांना तुम्ही मुद्दाम विचारायचात, "खिडकी उगडू का?"

आणि 'हितसंबंधी' हा शब्द! सरांनी फळ्यावर लिहिला तेव्हा तुम्ही हात वर केलात. "सर, हित आनि संबंध एकाच मानसाचे कसे? ज्याचा हित असतो त्याचा संबंध नसतो, आनि ज्याचा संबंध असतो त्याला कोन इचारत नाय." सर म्हणाले, यावर निबंध लिहा. तुम्ही लिहिला नाहीत. लिहायचं म्हटलं की तुम्हाला कुठून कुठून कामं आठवायची.

मध्ये आई आजारी पडली, ऑफिसात कामाचा ढीग वाढला, तेव्हा मी अभ्यासक्रम सोडायचं ठरवलं. सरांना कळवलं, तुम्हाला नाही. पण तुम्हाला कसं कळलं देव जाणे. सोमवारी ऑफिस उघडलं आणि तुम्ही दारात, मागे नेहमीसारखी गावातली माणसं. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आता काय, परत पाणी का? तुम्ही खुर्ची ओढून बसलात, घसा खाकरलात आणि म्हणालात, "मागनी एकच हाय. म्याडमनी कोर्स सोडायचा नाय." मागच्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या निम्म्यांना कुठला कोर्स हेसुद्धा माहीत नव्हतं, तुम्ही 'चला' म्हणालात म्हणून ती आली होती. सगळं ऑफिस बघत होतं. मला रडू येईल अशी भीती वाटली म्हणून मी तुमच्यावर ओरडले. पुढच्या शनिवारी मी वर्गात होते. याबद्दल तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानते.

मग प्रकल्प आला. दोघादोघांनी मिळून करायचा, विषय लोकसहभाग. सरांनी आपल्या दोघांची जोडी लावली, कारण दोघांनाही एकच भाग माहीत. या दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे हे बिचाऱ्यांना काय ठाऊक! विषय तुम्हीच सुचवलात, तुमच्या गावचं बंदर. खाडीतल्या होड्या जिथे लागतात ती जागा आणि तिला लागून असलेलं खळं, जिथे बायका मासळी सुकवतात. तिथे चालायला ट्रॅक, बाकडी आणि गाड्यांसाठी पार्किंग करायची योजना होती आणि त्याला गावकीचा होकार हवा होता. तुम्ही त्या बाजूने अगदी पाय रोवून उभे. "पोरांच्या गाड्या रस्त्यान उभ्या राहतात. म्हातारी मानसं फिरायला कुटं जातील? गाव काय नुसतं मासळीच्या वासानंच वलखायचं?" तुमची भाषणं सगळ्या गावाने ऐकली होती.

मी विचारलं, "गावकीत कोण बसतं?"

"घरटी एक मानूस."

"बाई?"

"घरचा मानूस बोलतो ते घराचंच बोलनं असतंय, म्याडम."

तिथून जे सुरू झालं ते संपलंच नाही. मी म्हणत होते, खळं वापरतात बायका आणि ते द्यायचं की नाही हे ठरवणार पुरुष, हा कुठला लोकसहभाग? तुम्ही म्हणत होता, तुम्हाला गाव कळत नाही, तुमच्या सोसायटीत समोरच्या दारात कोण राहतं ते तरी ठाऊक आहे का? खरं होतं, ठाऊक नव्हतं. म्हणून मला राग जास्त आला.

आपण पाहणीला बंदरावर गेलो ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ओहोटी होती. खळ्यावर बायका जवळा पसरत होत्या, सुमनवहिनीही त्यांत होत्या. तुमची बायको म्हणून मी त्यांना सणावाराला भेटले होते, कामावर पहिल्यांदाच पाहत होते. मी साधं विचारलं, "वहिनी, ही जागा गेली तर तुम्ही कुठे वाळवणार?" त्यांनी हातातला झाडू खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता तुमच्याकडे बघून म्हणाल्या, "मना कशाला इचारतंस? यो बोलतो ना माज्या वतीना. त्याला इचार, माजी जागा कनची ती."

मला वाटलं, तुम्ही हसून वेळ मारून न्याल. तुम्ही खळ्यावर नजर फिरवलीत. प्रत्येकीची जागा ठरलेली होती, मध्ये ना रेघ ना दगड, तरी एकीचा जवळा दुसरीकडे जात नव्हता. तुम्ही एका बाजूला बोट केलंत, मग दुसरीकडे. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. वहिनींनी झाडू उचलला आणि पाठ फिरवली. तुम्ही मला म्हणालात, "झाला तुमचा सर्वे?" आणि तरातरा निघून गेलात.

त्यानंतर तुम्ही वर्गाला येत होता, पण माझ्याशी बोलत नव्हता. डबा त्या दोघींना द्यायचात, मला नाही. मीही हट्टी. एके दुपारी ऑफिसात तुमचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "बायांना गावकीन बसवतो. येनाऱ्या बैठकीन. पन मी सांगीन तसा करायचा." मी विचारलं, बंदराचं काय? म्हणालात, "आधी बाया बोलतील. मंग बगू. माजा बी काय आता पयल्यासारखा मत नाय."

भाऊ, हे वाक्य तुम्ही मला फोनवर सांगितलंत. फक्त मला. पुढचं सगळं यावरून झालं.

मी म्हटलं, हे प्रकल्पात घालू. तुमचं प्रकरण आहे ना, 'गावकीची भूमिका', त्यात स्पष्ट लिहा की तुमचं मत बदललं, बायकांना बोलावताय आणि का बोलावताय. तुम्ही साफ नाही म्हणालात. "लिवला का गाव आडतो. कागद दिसला का लोकांना वाटतं कोनी तरी बाहेरचा करून घेतोय. मी तोंडानं बोलीन, मानसं आयकतील." मी म्हटलं, तोंडी बोललेलं हवेत जातं. तुम्ही म्हणालात, गाव हवेवरच चालतंय म्याडम, तुमचं ऑफिस कागदावर चालतंय म्हणून तर चालत नाही.

तुम्ही देवळात नारळ ठेवलात. तुमच्या गावात बैठक अशी बोलावतात आणि एकदा नारळ ठेवला की बैठक मागे घेत नाहीत, काही झालं तरी. हे तुम्हीच मला अभिमानाने सांगितलं होतं.

शेवटच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर आपण जिन्यात भांडलो. लोक वाट काढून जात होते. मी म्हटलं, भाऊ, तुमच्या प्रकरणात आजही जुनंच मत आहे, ट्रॅक हवा, पार्किंग हवं. ते बदला. तुम्ही म्हणालात, "तुमाला मार्कं पायजेत, मना गाव पायजे." मला ते लागलं. मी म्हटलं, "आणि बैठकीला तुम्ही नसलात तर? कोणाला कळणार तुमचं मत काय होतं?"

"मी कुटं चाललो?" असं म्हणून तुम्ही कठडा धरून एकेक पायरी उतरत गेलात. मी वरूनच बघत राहिले, हाक मारली नाही. का मारायची? माझं बरोबर होतं.

त्या आठवड्यातच प्रणालीचा फोन आला. सकाळचा चहा घेऊन बाबा खुर्चीत बसले आणि बसलेलेच राहिले, एवढं सांगून ती थांबली. तुमचं प्रकरण टाइप करून देणारी आणि महाप्याच्या कंपनीतून रोज मला त्याच्या तक्रारी कळवणारी, तीच ही पोरगी. मी तिला काय म्हणाले ते आठवत नाही.

तुमच्या घरी आले तेव्हा अंगणात माणूस मावत नव्हता. मी तुमच्याकडे फार वेळ पाहू शकले नाही. पांढरा शर्टच घातला होता, इस्त्रीचा. खरं सांगू, मला रडण्याआधी राग आला. इतका की मी बाजूला जाऊन उभी राहिले. मग रडले. प्रणालीने पाणी आणून दिलं. म्हणजे ज्या पोरीचा बाप गेला ती मला पाणी देत होती.

आणि बाराव्याला ते झालं. जेवणं उरकली होती. तुमचा चुलतभाऊ अशोक चार माणसांत उभा राहून म्हणाला, "भाऊची शेवटची इच्छा व्हती बंदर चांगला व्हावा. त्यानं नारल ठेवलाच हाय. त्याच बैठकीन होकार देऊन टाकू. ट्रॅकला भाऊचा नाव देऊ." लोकांचे डोळे भरून आले. कोणीतरी तुमच्या नावाने जयजयकारही केला. अशोक काही वाईट माणूस नाही. तुम्हीच भर सभेत जे बोलला होतात, तेच तो बोलत होता. तुम्ही पुढे काय म्हणालात ते त्याला कुठून कळणार?

तुमच्या फोटोला हार घातलेला होता आणि मी त्या फोटोशी मनातल्या मनात कचाकचा भांडत होते. आता बोला ना. आता सांगा त्यांना, माझं मत पहिल्यासारखं नाही. तोंडानं बोलणार होतात ना?

मी काय करू शकत होते? मी गावची नाही, वर सरकारी नोकर. मी उठून म्हणाले असते की भाऊ फोनवर मला वेगळं बोलले होते, तर कोणी विश्वास ठेवला असता? हातात कागद म्हणावा तर तुमचं प्रकरण, आणि त्यात तुमच्याच भाषेत लिहिलेलं की ट्रॅक झालाच पाहिजे. ते मी दाखवलं असतं तर अशोकने कपाळाला लावलं असतं.

मी मागच्या पडवीत सुमनवहिनींकडे गेले. भिंतीला टेकून बसल्या होत्या. "वहिनी, भाऊ तुम्हाला बैठकीबद्दल काही बोलले होते का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बगू." बस. बाहेर पडताना प्रणाली फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "ताई, आई इतक्यात घराबाहेर पडणार नाही. आमच्यात चालत नाही. आणि गावकीत तर तिला कोणी उभंही करणार नाही. तुम्ही टेन्शन घेऊ नका." टेन्शन घेऊ नका म्हणे. बैठकीपर्यंतचे दिवस मी ऑफिसात चुकीच्या कागदांवर शिक्के मारत काढले.

बैठक रविवारी सकाळी होती. मला बाहेर बसून बघायची परवानगी तुम्हीच आधी मिळवून ठेवली होती आणि कोणी ती काढून घेतली नव्हती. मी मंडपाच्या पायरीशी, चपलांजवळ उभी राहिले. आत पुरुष मांडी घालून बसलेले. भिंतीच्या पलीकडे बायका जमल्या होत्या. तुम्ही बोलावलंय हे त्यांच्या कानावर गेलं होतं, पण 'आत या' म्हणायला तुम्ही नव्हता आणि दुसरं कोणी म्हणत नव्हतं. त्या उन्हात उभ्या. एकीने डोक्यावर पदर ओढला, एक घरी जायला निघाली आणि परत आली. आत अशोक नव्या पांढऱ्या कपड्यांत, पहिल्या रांगेत.

गावकीची हजेरी घेणारे दशरथबुवा उठले. घरांची नावं त्यांना तोंडपाठ, देवळाच्या उजव्या हाताच्या घरापासून सुरुवात. नाव घ्यायचं, त्या घराचा माणूस 'हाय' म्हणणार, मग पुढचं नाव. घर गप्प राहिलं तर बुवा पुढे जात नाहीत, ते घर आधी मार्गी लागलं पाहिजे. आणि माणूस गेला असेल तर मुलगा उत्तर देतो. मुलगा नसेल तर भाऊबंदातला कोणी, आणि मग त्या घराचा आवाज कायमचा त्याचा. हे मला आदल्या संध्याकाळी प्रणालीने फोनवर समजावलं होतं. तिने कोरडेपणाने सांगितलं, जणू दुसऱ्याच कोणाच्या घराचं.

नावं पुढे सरकत होती. हाय. हाय. हाय. तुमच्या शेजारचं घर झालं. बुवा थांबले, खांबाजवळच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि तुमचं नाव घेतलं.

"जनार्दन."

कोणी हललं नाही. अशोकने घसा साफ केला आणि उठायला हात जमिनीला टेकवला.

"हाय."

आवाज माझ्या मागून आला. मी वळले. सुमनवहिनी पायरीवर उभ्या होत्या, अनवाणी, पदर कंबरेला खोचलेला, खळ्यावर कामाला असतात तशाच. मागे प्रणाली, आईच्या चपला हातात घेऊन.

आत एकदम गलका झाला. एक म्हातारे ओरडले, सुतकातली बाई देवळात कशी? कोणी म्हणालं, बारावं झालंय. कोणी म्हणालं, बाईला घरी न्या. अशोक उठला, आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, कशाला त्रास घेतलास? मी हाय ना."

"तू तुज्या घराचा हायस, अशोक," वहिनी म्हणाल्या. "बुवांनी ज्या घराचा नाव घेतला ता माजा घर हाय."

सगळ्यांनी दशरथबुवांकडे पाहिलं. ते म्हातारे गृहस्थ डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, आता हे काहीतरी रीतभात सांगतील आणि संपेल सगळं. त्यांनी डोळे उघडले आणि अशोकला विचारलं, "या घराला उत्तर आला का नाय?" अशोक परत खाली बसला. बुवा म्हणाले, "मी आयकला." वहिनी पायरी चढल्या, माणसांमधून वाट काढत गेल्या आणि खांबाजवळ तुमच्या जागेवर बसल्या. बुवांनी पुढच्या घराचं नाव घेतलं.

मी तिथेच पायरीवर बसले.

बंदराचा विषय निघाला तेव्हा अशोकने पुन्हा तेच काढलं, भाऊची शेवटची इच्छा. या वेळी आवाजात जोर कमी होता. वहिनींनी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग बसल्या बसल्याच बोलायला लागल्या. मी सगळं जसंच्या तसं लिहितेय, तुम्हाला कागद आवडो न आवडो.

"मरायच्या आदल्या सांजंला तो खल्यावं आला. मी जवला उचलीत व्हती. मना बोलला, तुजी जागा कनची ती दाखव. मी बोलली, आता कशाला? बोलला, दाखव. मी दाखवली. तो तिथंच खाली बसला, त्याचा गुडगा दुखत व्हता तरी. बोलला, इतकी वर्सा मी तुज्या वतीना बोललो आनि मना ठाव नव्हती. बैठकीन आधी तुमाला बोलाया लावीन. आता तो नाय. म्हनून मी आपनच आले."

भिंतीपलीकडच्या बायका कधी पायरीपर्यंत आल्या मला कळलंच नाही. होकार दिला गेला नाही, नकारही नाही. पुढची बैठक खळ्यावर भरेल आणि आधी बायका बोलतील, इतकं ठरलं. अशोक माझ्याकडे न बघता निघून गेला. सुतकावरून ओरडलेल्या त्या म्हाताऱ्यांनी जाताना जमिनीवर काठी आपटली. म्हणजे लढाई अजून बाकी आहे. ट्रॅक होईलही कदाचित.

भाऊ, आता तुम्ही म्हणाल, बघा, लिहायची गरज पडली का? तोंडाचा शब्द पोचला ना? पोचला. पण कसा, ते मी पाहिलंय. वहिनी आल्या नसत्या तर? पायरीवर त्यांचा पाय अडखळला असता तर? बुवांच्या जागी दुसरा कोणी असता तर? तुमची सगळी भिस्त एका बाईच्या हिमतीवर होती आणि तिला तुम्ही आयुष्यभर बोलू दिलं नव्हतं. मी अजूनही म्हणते की लिहायला हवं होतं. पण तुम्ही त्या दुखऱ्या गुडघ्याने खळ्यावर खाली बसलात, हे मला जिन्यातल्या त्या भांडणाच्या वेळी माहीत नव्हतं. तुम्ही खरंच विचारायला जाल असं मला वाटलंच नव्हतं. हे मला तुमच्याशी बोलायचं होतं, भाऊ. फार बोलायचं होतं. आणि तुम्ही नाही आहात.

येत्या शनिवारी आपली तोंडी परीक्षा आहे. सर म्हणाले, तुम्ही एकट्याच मांडा, त्यांचं प्रकरण वगळलं तरी चालेल. मी म्हटलं, वगळणार नाही. तुमचं जुनं मत तसंच राहील आणि त्याच्याखाली वहिनी जे बोलल्या ते येईल. कोणाचं बरोबर ते परीक्षकांनी ठरवावं.

काल ते वाचून दाखवायला तुमच्या घरी गेले होते. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. एका ठिकाणी मी 'झाडू' लिहिलं होतं, तिथे म्हणाल्या, तो झाडू नाय, खराटा. दुरुस्त केलं. मी उठले तसा माझा हात धरला आणि म्हणाल्या, "शनवारी मना घेऊन चल. वर्गान त्याची जागा कनची, ती दाखव."